लोकांच्या गाड्या

"दाब."

"दाबलं."

"दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

बळवंतराव फियाटच्या मागच्या चाकाशी पोतं अंथरून आडवे पडले होते. चाकामागच्या छोट्या नटाला त्यांनी रबरी नळी लावली होती आणि नळीचं दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडलं होतं. नट जरा सैल केला की नळीतून ब्रेक ऑइल यायचं आणि त्याबरोबर बुडबुडे. बुडबुडे थांबेपर्यंत हा खेळ चालायचा. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक पेडलवर. पेडलवरचं माणूस गेली दहा वर्षं सुमित्राबाई होत्या. जन्मात त्यांनी गाडी हातभरसुद्धा चालवली नव्हती, पण तीन गाड्यांचे ब्रेक त्यांना नुसत्या पायानं ओळखता येत.

"सोड."

सुमित्राबाईंनी पाय उचलला आणि गुडघा चोळला.

"अहो, मार्केटातल्या मेकॅनिकला का नाही बोलावत? माझा गुडघा आता नाही म्हणतोय."

"तो नट फिरवायचा तर आधी हातोडी शोधतो. लोकांची गाडी आहे, अगं. उद्या दिलीप येणार. त्याला पेडल मऊ लागलं तर काय वाटेल?"

"दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला काही वाटत नाही. जेवण गरम मिळालं तरी खूश होईल."

"दाब."

त्यांनी दाबलं.

फरीदाबादच्या त्या सेक्टरात टिपणिसांचं घर 'तीन गाड्यांवाली कोठी' म्हणून प्रसिद्ध होतं. ऑटोवाल्याला तेवढं सांगितलं की तो बरोबर दाराशी आणून सोडायचा. तीन गाड्यांचा मालक ऑटोनं का फिरतो, हा प्रश्न त्यालाही पडत असेल. उत्तर सोपं होतं. तिघींपैकी एकही टिपणिसांची नव्हती.

त्याचं असं झालं. दिल्लीतल्या सरकारी मराठी माणसाची बदली निघाली की त्याचं सामान आपसांत वाटलं जायचं. कूलर एकाकडे, तुळस दुसरीकडे, बाजाची पेटी महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, सांभाळा जरा," असं म्हणून माणूस आगगाडीत बसायचा आणि कूलर कायमचा त्या घरचा व्हायचा. बळवंतरावांना अंगण होतं आणि हातात कसब होतं, म्हणून त्यांच्याकडे गाड्या आल्या. आकाशी रंगाची स्टँडर्ड हेरल्ड त्यांच्या जुन्या साहेबांची. साहेब निवृत्तीनंतर नागपूरला गेले, तिथंच वारले, आणि मुलांनी गाडीबद्दल पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही. काळी अँबॅसडर शिलाँगला बदली झालेल्या एका सहकाऱ्याची. आणि ही मोतिया रंगाची फियाट दिलीप पाटणकरची. दिलीप म्हणजे पुण्याच्या कॉलेजपासूनचा मित्र. नव्वद साली तो मस्कतला नोकरीवर गेला तो गेलाच.

बळवंतरावांनी मात्र गाड्या खरोखरच सांभाळल्या. दर रविवारी सकाळी ते तिघींना एकेक करून चालू करत. पाणी, ऑइल, बॅटरी बघत. फॅन बेल्ट, प्लग, कार्बोरेटरचं काय काय, ते मिळवायला करोल बागेत तीन तीन चकरा मारत, त्याही बसनं. बाहेर सगळं जग बदलत होतं. शेजारच्या अरोरांच्या घरी मारुती आली, मग तिला विकून सिएलो आली. गुडगावकडे शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या. ह्यांच्या अंगणात मात्र तीन म्हाताऱ्या अंगावर चादरी पांघरून बसलेल्या. आणि नियम एकच: गाडी वापरायची नाही. बॅटरीपुरती सेक्टरात एक फेरी, बस्स. कुणी मागितली तर उत्तर ठरलेलं.

"माझी असती तर दिली असती हो. पण लोकांची ठेव आहे."

पोटच्या पोरीला, उत्तराला, लग्नाच्या दिवशी भाड्याच्या गाडीतून पाठवलं त्यांनी. मंडळातल्या बायका पदराआड हसल्या. सुमित्राबाई हसल्या नाहीत. उलट त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, "आमच्या ह्यांचं हे असंच आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणार नाहीत." सांगताना त्यांची मान ताठ होती, हे कबूल केलं पाहिजे. तिजोरी उघडी टाकून जावं असा नवरा मिळाला, हे त्यांना मनापासून वाटायचं.

ते वाटायला लागलं म्हणूनच त्या चौऱ्याण्णव सालातून बाहेर आल्या.

त्यांचा एकुलता एक भाऊ, शांताराम, सरकारी छापखान्यात होता. तिमारपूरला राहायचा. त्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी साडेसातला अरोरांकडे फोन आला की शांतारामला छातीत दुखतंय म्हणून हिंदूराव हॉस्पिटलात नेलंय, बहिणीला बोलावतोय. सुमित्राबाई धावत अंगणात आल्या. बळवंतराव फियाटचं इंजिन चालू करून आत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इंजिन बंद केलं, चादर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली, आणि पिशवी घेऊन म्हणाले, "चल, टेम्पो मिळेल."

"अहो, गाडीनं गेलो तर?"

"लोकांची गाडी. रस्त्यात काही झालं तर दिलीपला काय तोंड दाखवू?"

पावणेआठला निघाले. सवारीच्या टेम्पोनं बदरपूर बॉर्डर, तिथून बस, बस अड्ड्याला उतरून रिक्षा. बस लवकर मिळेना. मिळाली ती आश्रम चौकात बंद पडली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत अकराला दहा कमी झाले होते. शांताराम पावणेदहाला गेला होता. शेवटपर्यंत शुद्धीत होता. "सुमी आली का?" असं तीनदा विचारलं, हे वहिनीनं रडत रडत सांगितलं. आता असल्या गोष्टी सांगू नयेत, पण माणूस सांगतो.

महिनाभर सुमित्राबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मग हळूहळू त्यांनी स्वतःची समजूत घातली. गाडी आपली नव्हती. आपली असती तर ह्यांनी काढली असती. तत्त्वाचा माणूस आहे, तत्त्व वेळ बघून येत नाही. ह्या एका समजुतीवर त्यांनी सहा वर्षं संसार केला, गुडघा दुखत असताना पेडल दाबलं, आणि उद्या ज्याची गाडी तो येणार म्हणून त्या बसनं दिल्लीला जाऊन आयएनए मार्केटातून अळूची पानं घेऊन आल्या. कुणीतरी येऊन बघावं, त्या गाडीत बसावं आणि म्हणावं, वा बळवंता, तुझ्यासारखा तूच. एवढं ऐकलं की त्यांचं ओझं उतरणार होतं.

रविवारी अकराला दिलीप पाटणकर मुलाच्या नव्या कोऱ्या सँट्रोतून आला. मुलाला गुडगावात नोकरी लागली होती, त्याला घर लावून द्यायला दिलीप आला होता. पोट सुटलेलं, केस काळे केलेले, हसणं मात्र तेच कॉलेजातलं.

बळवंतरावांनी त्याला घरातसुद्धा येऊ दिलं नाही. हाताला धरून थेट अंगणात नेलं आणि चादर ओढली.

"बाप रे!" दिलीप ओरडला. "ही अजून जिवंत आहे?"

"जिवंत म्हणजे? बस आत. चावी फिरव."

दिलीप एक पाय बाहेरच ठेवून सीटवर टेकला. चावी फिरवताच इंजिन लागलं. कुरकुर नाही, धूर नाही.

"कमाल आहे यार."

"कार्बोरेटर दोनदा उघडलाय. तळाचा पत्रा एका जागी गंजला होता, कापून नवा घातला. सीटचं प्लास्टिक अजून तुझंच आहे, फाडलेलं नाही. हा दरवाजा लावून बघ. आवाज ऐक."

"छान, छान." दिलीपनं दरवाजा लावला, घड्याळाकडे बघितलं आणि रुमालानं मान पुसली. "एसीची सवय फार वाईट बघ. चल, आत बसू. वहिनी, काय मस्त वास येतोय!"

बळवंतराव आणखी बरंच दाखवणार होते. त्यांनी काढलेला स्पॅनर परत खिशात घातला.

पानं मांडली. अळूवडी, मसालेभात, मठ्ठा. दिलीप मनापासून जेवत होता आणि मस्कतच्या गप्पा मारत होता. सुमित्राबाईंनी त्याच्या पानात तिसरी वडी घातली आणि कधीपासून मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"भाऊजी, आता तुमची गाडी तुमच्या ताब्यात घ्या बाई. दहा वर्षं ह्यांनी तिला पोरीसारखी जपली. कामाला म्हणून कधी बाहेर काढली नाही. कसलीही वेळ आली तरी नाही."

"माझी गाडी?" दिलीप हसला. "माझी कुठली वहिनी? ती ह्याचीच आहे. एक्क्याण्णवच्या दिवाळीतच मी लिहिलं होतं की मी काही परत येत नाही, गाडी तुला दिली, तुझ्या लग्नात आहेर राहिला होता तो समज. विक्रीच्या कागदांवर सह्या करून रजिस्टरनं पाठवले होते." तो बळवंतरावांकडे वळला. "मिळाले होते ना रे? पोचल्याचं पत्र आलं होतं तुझं."

बळवंतराव अळूवडीचे पदर बोटांनी एकेक सुटे करत होते.

"मिळाले होते," ते म्हणाले. "नावावर करायचं राहून गेलं."

"नऊ वर्षं? धन्य आहेस! मला वाटलं तू ती केव्हाच फुंकून मारुती घेतली असशील. मग सांग ना, वापरली का नाहीस?"

बळवंतरावांनी मसालेभाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. सुमित्राबाईंच्या हातात मठ्ठ्याची पळी होती. ती नवऱ्याच्या कपाळात घालावी असं त्यांना वाटलं, अगदी खरंखरं वाटलं, हात शिवशिवला. त्यांनी पळी भांड्यात बुडवली.

"मठ्ठा घ्या भाऊजी."

"पुरे वहिनी."

"घ्या हो. एवढ्या लांबून आलात."

दिलीपला काहीतरी बिनसल्याचं कळलं, पण काय ते कळलं नाही. तो बिचारा मुलाच्या फ्लॅटबद्दल बोलत राहिला. दीड वाजता गेला. जाताना फियाटच्या टपावर थाप मारून म्हणाला, "मस्त ठेवलीस यार, बिल्कुल म्युझियम." बळवंतरावांनी थाप पडलेली जागा फडक्यानं पुसली. तिथं काहीच लागलेलं नव्हतं, तरी पुसत राहिले.

फाटक लावून ते वळले तेव्हा सुमित्राबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. साडी बदललेली, पायांत चपला, खांद्याला पर्स.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या.

"आत्ता? कुठं?"

"हिंदूरावला."

"अगं, कोण आहे तिथं आता? डोकं फिरलंय का?"

सुमित्राबाई व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या. त्या फियाटमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. दहा वर्षांत त्या बाजूला पहिल्यांदाच बसत होत्या. बळवंतरावांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग किल्ली घेऊन आले.

सेक्टरच्या बाहेर पडताना सुमित्राबाईंनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. दोनला पाच कमी.

मथुरा रोड लागला. गाडी लोण्यासारखी चालली होती. बळवंतराव स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, पुढच्या ट्रकपासून हे एवढं अंतर ठेवून चालवत होते. मागचे हॉर्न मारून मारून पुढं जात होते.

"तुला वाटतं तसं नाही ते," शेवटी ते म्हणाले. "आपली आहे असं एकदा कळलं असतं की संपलंच असतं. मंडळाच्या लोकांनी मागितली असती. उत्तरानं शिकायला मागितली असती. तू म्हणाली असतीस, चला करोल बाग, चला भाजीला. सहा महिन्यांत खटारा झाली असती तिची. लोकांची म्हटलं की कुणी पुढं बोलायचं नाही."

"मीसुद्धा नाही बोलले."

"सगळ्यांना एकच सांगावं लागतं, अगं. एकाला खरं, एकाला खोटं कसं सांगणार?"

"नाहीच सांगता येत. म्हणून सगळ्यांनाच खोटं सांगितलंत."

बदरपूर बॉर्डरवर पोलिसानं हात केला. जुनी गाडी, जुना नंबर. त्यानं खिडकीत वाकून आतलं प्लास्टिक चढवलेलं सीट बघितलं.

"गाडी किसकी है, अंकल?"

बळवंतरावांच्या तोंडून सवयीनं सुरुवात झाली. "दोस्त की है जी, वो मस्कत में..."

"हमारी है," सुमित्राबाई मधेच म्हणाल्या. "नौ साल से."

पोलिसानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या भांडणात पडायची त्याला हौस नसावी. "चलो, चलो," म्हणून त्यानं हात हलवला.

आश्रमचा चौक गेला. रिंग रोडला लागल्यावर बळवंतराव पुन्हा बोलले. आवाज बारीक झाला होता.

"त्या दिवशी मला वाटलं नव्हतं एवढं गंभीर असेल. छातीत दुखतंय म्हणाले. गॅस असेल म्हटलं. मला कळलं असतं तर..."

"तर काढली असती?"

राजघाट गेला. बळवंतरावांनी गिअर बदलला. नऊ वर्षं खोटं बोललेल्या माणसाचं एक 'हो' म्हणायला काय जात होतं? सुमित्राबाई त्या एका 'हो'ची वाट बघत होत्या, खोट्यासुद्धा. बस अड्डा आला तरी तो आला नाही, तेव्हा त्यांनी मान वळवून बाहेर बघायला सुरुवात केली.

गाडी रिजच्या टेकडीचा चढ चढली. इंजिन गरम झालं नाही, दम लागला नाही. हॉस्पिटलच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली बळवंतरावांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. फाटकातून स्ट्रेचर, डबे घेतलेल्या बायका, सायकलरिक्षा, सगळं आतबाहेर चाललं होतं. सुमित्राबाईंनी घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं.

"एक तास पंचवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "पावणेआठला निघालो होतो. म्हणजे नऊ वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्यापाशी असते. तो पावणेदहाला गेला. पस्तीस मिनिटं मिळाली असती मला."

बळवंतरावांनी कपाळावरचा घाम पुसला.

"असा हिशेब नको करूस, सुमित्रा. आज रविवार आहे. रस्ते मोकळे मिळाले."

"तोही रविवारच होता."

त्यांनी दार उघडलं, साडी सावरून खाली उतरल्या. बळवंतराव घाईनं आपल्या बाजूचं दार उघडायला लागले.

"तुम्ही नका उतरू," सुमित्राबाई म्हणाल्या. "गाडी इथं उभी ठेवलीत तर कुणीतरी घासून जाईल. तुम्ही व्हा पुढं. मी बसनं येते."